डावा गुडघा टेकलाच नाही

१

स्वरदाचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि पंचवटीतल्या तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येणारे पेशंट तो गृहीत धरूनच यायचे. घरी व्यायाम न करता आलात तर बोलणी खावी लागत. त्या शुक्रवारी मात्र ती पेशंटवर चिडली नव्हती. पेशंटचा गुडघा ज्याच्यामुळे सुजला, त्या माणसावर तिचा राग होता.

पेशंटचं नाव ललित. पंचेचाळिशीचा आर्किटेक्ट, गंगापूर रोडला ऑफिस, पेठकडे एका साइटवर काम सुरू, बोलणं मऊ. त्याच्या सांगण्याप्रमाणे सकाळी साडेदहाला पेठ रोडवर एका पिकअपवाल्यानं सिग्नल न देता गाडी मध्येच घातली, ललितची कार तिच्यावर आदळली आणि त्याचा डावा गुडघा डॅशबोर्डवर आपटला. जागेवरून तो थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेला. हाड शाबूत होतं, पण आतल्या स्नायूबंधाला मार लागला होता. तिथून दुपारी एकला त्याला स्वरदाकडे पाठवलं. गुडघा नारळाएवढा झाला होता. नुसतं बोट लावलं तरी माणूस कळवळत होता.

"हे पिकअपवाले!" स्वरदा बर्फाची पिशवी आपटत म्हणाली. "यांना लायसन देतं कोण? एकेकाला उलटं टांगलं पाहिजे."

कोपऱ्यात भागीबाई फरशी पुसत होत्या. त्या मूळच्या पेठकडच्या एका पाड्यावरच्या. आता पेठ रोडला खोली करून राहत आणि चार वर्षं दवाखान्याची झाडलोट, धुणं बघत. त्या दिवशी त्या उशिरा आल्या होत्या. "आमच्या शेजारच्या पाड्यावरचा पुंजाबाबा गेला, ताई," असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. "काल तिन्हीसांजेला कोनी तरी गाडीनं उडवला आन् पळून गेला. आज सकाळी सहाला रस्त्याखालच्या मोरीपाशी घावला." स्वरदा 'अरेरे' म्हणाली होती आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

त्यानंतर बारा दिवस ललित रोज येत राहिला. सूज उतरू लागली. बाराव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, भागीबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या सुट्टी पायजे, ताई. पोऱ्याबरोबर पोलीस ठेसनात जायचंय. त्याचं एसटीत ड्रायवर म्हनून नाव लागलंय. सोमवारपर्यंत पोलिसांचा दाखला द्यायचाय. पन त्याच्यावर केस हाय. मंग दाखला कोन देनार?"

"केस? कसली?"

भागीबाईंनी ओला हात पदराला पुसला. "तुम्ही ज्याला उलटं टांगायला सांगितलं ना," त्या म्हणाल्या, "तो माझा सुनील."

२

स्वरदाला राग आला आणि सवयीप्रमाणे तो चुकीच्या ठिकाणी निघाला.

"मग बारा दिवस गप्प का बसलात?"

"काय बोलनार? तुम्ही तर त्याला टांगून मोकळ्या झाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी तिनं सुनीललाच बोलावून घेतलं. तेविशीचा काटक पोरगा, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेला. एसटीच्या परीक्षेसाठी त्यानं दोनदा फॉर्म भरला होता, दुसऱ्यांदा पास झाला होता. सोमवार हुकला की यादीतला पुढचा माणूस आत जाणार होता.

"मी गाडी मध्ये घातलीच नाय, मॅडम," तो म्हणाला. "मार्केट यार्डात भाजी उतरवली आन् चहाला थांबलो. गाडी रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक लावलेला. मी बाकड्यावर बसलेलो. या सायबांनी मागून येऊन ठोकली. लय जोरात पन नाय."

"चहावाल्यानं पाहिलं असेल की."

"तो म्हनतो, दूध उतू जात होतं, लक्ष नव्हतं." सुनील कडवट हसला. "पोलीस आल्यावर सगळ्यांचंच दूध उतू जातं."

"पण उभ्या गाडीला कोणी मुद्दाम कशाला ठोकेल?"

"तेच तर कळत नाय." त्यानं मोबाइल पुढे केला. "मालकाला दाखवायला हा फोटो काढला होता. पोलिसांनी बघितला पन नाय."

फोटोत ललितची पांढरी कार पिकअपला नाक लावून उभी होती. पिकअपच्या मागच्या फळीला जेमतेम पोचा. कारचा डावा दिवा मात्र फुटून खोबणीचं भोक झालेलं. दाराशी उभ्या भागीबाईंनी मान लांब करून पाहिलं.

"काच कुठंय?" त्या म्हणाल्या.

"कसली काच?"

"दिवा फुटला तर तुकडे खाली पडतील ना? मी त्या दिवशी धावत गेले तवा पन रस्ता बघितला. रोज झाडनारी बाई हाय मी. तिथं एक तुकडा नव्हता."

स्वरदानं फोटो मोठा केला. कारच्या नाकाखाली कोरडा, स्वच्छ डांबरी रस्ता होता. म्हणजे दिवा तिथे फुटलाच नव्हता.

"आन् अजून एक," भागीबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी दवाखान्याचा एक पांढरा टॉवेल आणला. मधोमध हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग होता. "त्या मानसाचा पहिल्या दिवशीचा टॉवेल. पाच येळा धुतला, जात नाय. आंबेहळद हाय ती."

स्वरदानं झटकन ललितचं कार्ड काढलं. पहिल्या दिवशीची नोंद तिच्याच अक्षरात होती. 'सूज खूप. काळंनिळं पोटरीपर्यंत उतरलेलं. कातडी पिवळसर, पुसून घेतली.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूज दोन तासांत येऊ शकते, पण आत सांडलेलं रक्त कातडीखालून पोटरीपर्यंत उतरायला रात्र जावी लागते. ही गोष्ट ती शिकाऊ मुलींना दर वर्षी शिकवते. ललित जागेवरून थेट डॉक्टरांकडे आणि तिथून थेट तिच्याकडे आला होता. मग आंबेहळदीचा लेप त्याला लावला कोणी? आणि कधी?

डोळ्यांनी पाहिलं होतं, हातानं लिहिलं होतं, आणि तोंडानं ती पिकअपवाल्यांना शिव्या देत बसली होती. साडेदहाला पिकअपवर आदळायच्या आधीच तो गुडघा मोडीत निघाला होता.

३

शुक्रवारी ललितबरोबर त्याची बायको वेदिका आली. शाळेत शिकवणारी, नीटनेटकी, नवऱ्याची काठी स्वतः धरणारी बाई. स्वरदानं आवाजात साखर घातली. तिला ते जड गेलं.

"सूज छान उतरतेय. त्या दिवशी काही घरगुती केलं होतं का? लेप वगैरे?"

"हो ना, मीच लावला होता," वेदिका म्हणाली. "आंबेहळद आणि तुरटी. आदल्या दिवशी बॅडमिंटन खेळताना यांचा पाय जरा..."

"वेदिका, पाणी आण गं," ललित म्हणाला. ती पाणी आणायला गेली. त्यानं हसून खांदे उडवले. "बॅडमिंटनचं किरकोळ होतं. खरा मार ॲक्सिडेंटचाच."

"किरकोळ म्हणजे चालता येत होतं?"

"अगदी व्यवस्थित."

"आणि गाडी चालवता येत होती."

"माझी ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाला कामच नाही." हे त्यानं जरा घाईनं सांगितलं. मग स्वतःच पुढे म्हणाला, "उलट त्या दिवशी सकाळी सातला मी रामकुंडावर होतो. वडिलांचं वर्षश्राद्ध. दोन तास विधी केला. पाय दुखत असता तर बसलो असतो का? विचारा हवं तर ढुंढिराज गुरुजींना."

स्वरदाचा गुडघ्यावरचा हात थबकला. दवाखान्याच्या पाटीवर तिचं सासरचं आडनाव होतं. ललितला कल्पना नव्हती की ढुंढिराज गुरुजी तिचे वडील आहेत आणि नवरा परदेशी असल्यानं ती सध्या त्यांच्याचकडे राहते.

"विचारीन," ती म्हणाली.

४

गुरुजी नुकतेच जेवून सुपारी कातरत बसले होते. यजमान म्हणजे त्यांचं दैवत. भल्या मोठ्या लाल कापडी वह्यांमध्ये त्यांच्या घराण्यानं सात पिढ्यांचे यजमान जपून ठेवले होते. कोण, कुठला, कोणाचं श्राद्ध, बरोबर कोण आलं, आणि खाली यजमानानं विधीनंतर रामकुंडाजवळच्या याच घरी येऊन स्वतःच्या हातानं केलेली सही. शिवाय गुरुजींच्या आजोबांनी घालून दिलेली एक रीत होती. विधीत काही उणं राहिलं तर तेही लिहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ते भरून काढता येतं.

"बाबा, ललित नावाचा यजमान. दोन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. वर्षश्राद्ध."

"त्याचं नाव काढू नकोस!" गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. "अगं, देवाचं करताना उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा आणि पितरांचं करताना डावा. लहान पोरांना कळतं. हा सारखा उजवा टेकवतोय. तीनदा सांगितलं. शेवटी म्हणाला, 'गुरुजी, डावा टेकतच नाही, बाथरूममध्ये घसरलो.' धोतर वर झालं तेव्हा पाहिलं, गुडघा हा एवढा! आणि दारात गाडी असलेला माणूस रिक्षानं आला होता."

"तुम्ही हे लिहिलंत?"

"न लिहून कसं चालेल?"

वहीत गुरुजींचं वळणदार अक्षर होतं: 'यजमानाचा डावा गुडघा सुजल्याने टेकला नाही. उजवा टेकवून कर्म केले. पुढील वर्षी प्रायश्चित्त घ्यावे.' खाली तारीख, सकाळची वेळ आणि ललितची ऐटबाज सही.

स्वरदानं वही उचलली. गुरुजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वही घराबाहेर जात नाही."

"बाबा, एका मुलाची नोकरी चाललीय! सोमवारी!"

"यजमान विश्वासानं सही करतो. तू तुझ्या पेशंटची कार्डं चौकात वाचतेस का?"

"वाचीन!" ती ओरडली. "तो माणूस खोटं बोलून दुसऱ्याच्या पोराला गाडतोय, आणि आपण दोघं कागदं झाकून बसायचं? सोवळं सांभाळायचं? बायकोला बॅडमिंटन, तुम्हाला बाथरूम, मला ॲक्सिडेंट. एक गुडघा आणि तीन कहाण्या!"

"पण खरी कोणती?" गुरुजींनी शांतपणे विचारलं. "गुरुवारी संध्याकाळी गुडघ्याला झालं काय, ते ठाऊक आहे तुला?"

तिला ठाऊक नव्हतं. ती धुसफुसत दवाखान्यात परतली आणि भागीबाईंना सगळं सांगितलं. गुरुवार म्हटल्यावर भागीबाईंच्या हातातली बादली खाली आली.

"गुरुवारी तिन्हीसांजेलाच पुंजाबाबाला उडवलं," त्या हळू म्हणाल्या. "पेठ रोडलाच. सुनीलच्या जागेपासून दोन किलोमीटर पुढं."

त्यांनी फडताळातून दुधाची एक रिकामी पिशवी काढली. गाठ सोडली. आत जाड पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे होते, गाडीच्या दिव्याला हल्ली काच म्हणून असतात तसले.

"चौथ्या दिवशी आम्ही मोरीपाशी दिवा लावायला गेलो. गवतात हे पडलं होतं. आमची मानसं त्या वाटेनं अनवाणी जातात, पायात घुसंल म्हनून येचून आनलं. टाकायचं राहून गेलं."

५

शनिवारी सकाळी ललित नेहमीप्रमाणे टेबलावर आडवा झाला. वेदिका शेजारी बसली. आतल्या खोलीचा पडदा सरला आणि उपनिरीक्षक सरिता गांगुर्डे बाहेर आल्या. पुंजाची फाइल दोन आठवडे 'अज्ञात वाहन' म्हणून त्यांच्याकडे पडून होती. शुक्रवारी स्वरदा आणि भागीबाई ते तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेल्या, आणि रात्रीच त्यांनी गॅरेजमधून ललितच्या कारचा फुटका दिवा काढून आणला होता.

"हे काय आहे?" ललित उठू लागला.

"पडून राहा," स्वरदा म्हणाली. "गुडघ्याला ताण नको. तुमच्या गुडघ्याची गोष्ट सांगते, चुकलं तर थांबवा. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही पेठकडच्या साइटवरून येत होतात. मोरीजवळ पायी चाललेल्या पुंजाला उडवलंत. ब्रेक दाबताना तुमचा डावा गुडघा डॅशबोर्डवर आपटला आणि गाडीचा दिवा फुटला. तुम्ही थांबला नाहीत. घरी बॅडमिंटन सांगितलंत, गाडीवर कव्हर टाकलंत. म्हणून सकाळी रामकुंडावर रिक्षानं गेलात. पण फुटका दिवा आणि सुजलेला पाय किती दिवस लपवणार? दोन्हीला कारण हवं होतं. म्हणून विधी उरकून घरी गेलात, गाडी काढलीत आणि रस्त्यात एकटी उभी असलेली पिकअप शोधलीत. गरिबाची. त्याचं कोणी ऐकणार नाही अशी."

"मूर्खपणा आहे हा. पुरावा काय?"

"ठोकलेल्या जागी तुकडा नाही, हा फोटो. तुमच्या गुडघ्याची हळद, हा टॉवेल. तुमच्या पोटरीतलं रक्त, हे माझं कार्ड."

"गुरुवारी माझा पाय ठीक होता! शुक्रवारी दोन तास बसलो होतो, गुरुजी सांगतील!"

"सांगतो," दारातून आवाज आला.

ढुंढिराज गुरुजी उभे होते. डोक्याला पागोटं, छातीशी लाल कापडी वही. स्वरदा बघतच राहिली. चाळीस वर्षांत ती वही उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. रात्री तिनं पुंजाचं सगळं सांगितल्यावर ते जेवले नव्हते, एवढंच तिला माहीत होतं.

गुरुजींनी पान उघडून ललितच्या डोळ्यांसमोर धरलं. "सही तुझीच ना? सकाळी सहाला तो माणूस मेलेला सापडला, आणि सातला तू माझ्यासमोर बसून बापाला तिळाचं पाणी सोडत होतास. मी विचारलं, काय झालं रे गुडघ्याला? पिंड समोर असताना तू खोटं बोललास!"

सरिता गांगुर्डेंनी दुधाच्या पिशवीतला एक तुकडा फुटक्या दिव्याच्या खोबणीला लावला. कडेला कडा बसली.

"अंधार पडत होता," ललित शेवटी म्हणाला. त्याचा मऊ आवाज आता चिरका झाला होता. "तो एकदम मध्ये आला. आणि तो... तो गेलाच होता. थांबून काय उपयोग होता?"

"गेला नव्हता," सरिता गांगुर्डे म्हणाल्या. "दोनेक तास जिवंत होता, असं शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो. गवतातून सरपटत मोरीच्या कठड्यापर्यंत आला होता. रस्त्यावरून कोणाला तरी दिसावं म्हणून."

भागीबाईंनी तोंडाला पदर लावला. वेदिका उठली. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जणू या माणसाचं नाव तिला आठवत नाहीये.

"मी रात्री दोनदा लेप बदलला तुझा," ती म्हणाली. "फुंकर घालून."

ललितला बाहेर नेताना त्याची काठी तिच्याच हातात राहिली. तिनं ती टेबलाला टेकवली आणि गुरुजींच्या वहीकडे बघितलं. गुरुजींनी खिशातून पेन काढून त्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली: 'यजमानाने खरे सांगितले नाही. या घराण्यातील प्रत्येक श्राद्धात पुंजा याच्या नावाने पाणी सोडावे.'

"तुमची मुलं, नातवंडं हे वाचतील," ते म्हणाले. "खोडायला सांगू नका."

"नाही सांगणार," वेदिका म्हणाली. आणि तिनं त्याखाली सही केली.

६

पोलिसांचा दाखला सोमवारी मिळाला नाही, गुरुवारी मिळाला. पण सरिता गांगुर्डेंनी आगारात स्वतः फोन केला आणि तीन दिवसांचा उशीर चालवून घेतला गेला. सुनील पेठ आगारात रुजू झाला.

त्या संध्याकाळी भागीबाईंनी दवाखान्याची किल्ली टेबलावर ठेवली.

"हे काय?" स्वरदा म्हणाली.

"मी गावाला चालले. पोऱ्याला तिकडं डूटी मिळालीय."

"पगार वाढवते. भागीबाई, तुम्ही नसतात तर यातलं काहीच कळलं नसतं."

"तसं नाय, ताई." चार वर्षांत पहिल्यांदा भागीबाईंचा आवाज चढला. "त्या मानसाच्या गुडघ्याचे टॉवेल मी बारा दिवस धुतले. कोन हाय ते ठाऊक असून धुतले. तुम्ही चिडल्या तर पेशंट ऐकतो. मी चिडले तर काम जातं. मला काय राग येत नाय?"

"माझं चुकलं," स्वरदा म्हणाली.

"चुकलंच," भागीबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरदानं स्वतः झाडू मारला. फरशी पुसली, कालचे टॉवेल भिजत घातले. तेवढ्यात एक नवा पेशंट लंगडत आला. पँटवर माती, गुडघा सुजलेला, तोंड सुरू.

"काय सांगू डॉक्टर, एका रिक्षावाल्यानं सरळ अंगावर घातली हो! या लोकांना ना..."

स्वरदाच्या जिभेवर शब्द आला होता. तिनं तो गिळला, हात पुसले आणि कोरं कार्ड पुढे ओढलं.

"कधी लागलं ते सांगा," ती म्हणाली. "आणि त्या रिक्षावाल्याचं नाव काय? त्याला किती लागलंय?"